वावडे, बाधा आणि रक्ताची तपासणी

न सोसणाऱ्या अन्नासाठी आपल्या मराठीत शब्दांची वाण नाही. कुणाला वांग्याचे वावडे असते, कुणाला हरभऱ्याची डाळ मानवत नाही, कुणाला शिळे बाधते, तर कुणाच्या अंगावर कोळंबी खाताच पित्त उठते. आपल्या आजी-पणजींनी हे शब्द उगाच निरनिराळे राखले नव्हते. प्रत्येक शब्दामागे वेगळा अनुभव होता आणि त्यावरचे पथ्यही वेगळे होते. अलीकडे मात्र या साऱ्यांच्या जागी ‘ॲलर्जी’ हा एकच शब्द येऊन बसला आहे, आणि त्याच्या मागोमाग रक्ततपासणीचा कागदही घरोघर आला आहे. थोड्याशा रक्तात शंभर-दोनशे पदार्थांची परीक्षा करून देऊ, अशा जाहिराती आपण पाहतो. पुष्कळ कुटुंबे त्यावर हजारो रुपये खर्च करतात. परंतु हाती आलेला कागद वाचावा कसा, हे त्यांना क्वचितच कोणी समजावून सांगते. त्या कागदाच्या भरवशावर कुणाचे दूध सुटते, कुणाचे अंडे, तर कुणाची गव्हाची पोळी.

ही तपासणी काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, याची ओळख आपल्या कुटुंबांना करून द्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आम्ही शिक्षक आहोत, वैद्य नव्हे. औषधयोजना सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. तथापि डॉक्टरांकडे जाताना काय विचारावे आणि कागद हाती पडल्यावर घाबरून काय करू नये, एवढे सांगणे शिक्षकाच्या कामात बसते असे आम्हांस वाटते.

एक शब्द, चार दुखणी

प्रथम ‘न सोसणे’ या एका शब्दाखाली कोणकोणती दुखणी येतात ते पाहू.

पहिले दुखणे पचनाचे. दुधातील साखर पचविण्यासाठी आतड्यात एक पाचकरस लागतो. तान्हेपणी तो सर्वांजवळ असतो. पुढे आपल्या देशातील पुष्कळ लोकांत तो कमी होत जातो. अशा माणसाने पेलाभर दूध घेतले की पोट फुगते, गुडगुडते, जुलाब होतात. मात्र ताक-दही त्याला बहुधा चालते, कारण विरजणात त्या साखरेचा काही भाग आधीच खर्ची पडलेला असतो. हा त्रास कटकटीचा आहे, जिवावरचा नाही, आणि त्याला ॲलर्जी म्हणत नाहीत.

दुसरे दुखणे विषबाधेचे. बांगड्यासारखी मासळी पकडल्यावर वेळीच बर्फात ठेवली नाही, तर जंतूंच्या क्रियेने तिच्यात हिस्टामिन नावाचा पदार्थ साचतो. शिजवूनही तो नाहीसा होत नाही. अशी मासळी खाल्ल्यावर तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात. पाहणाऱ्याला वाटावे की ही ॲलर्जीच! परंतु येथे दोष मासळीचा असतो, माणसाच्या रक्ताचा नव्हे. गोवा-कारवारकडून मासळी येणाऱ्या आमच्या बेळगावसारख्या गावी हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे. एका पंगतीत एकाच मासळीने चौघांना एकदम त्रास झाला, तर संशय आधी मासळीवर घ्यावा.

तिसरे दुखणे सीलिॲक या नावाने ओळखले जाते. यात गहू आणि जव यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराला हळूहळू इजा पोहोचते. मूल खंगते, रक्त वाढत नाही, उंची खुंटते. याची रक्तचाचणी अगदी वेगळी असते, आणि ती होईपर्यंत गहू बंद करावयाचा नसतो. आधीच गहू सोडला तर रक्तातील खूण पुसट होते आणि निदान हुकते. उत्साहाने आधी पथ्य आणि मग तपासणी करणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

चौथे दुखणे ते खरी ॲलर्जी. येथे शरीराची संरक्षणव्यवस्था निरुपद्रवी अन्नालाच शत्रू समजते. अन्न पोटात गेल्यापासून काही मिनिटांत, बहुधा दोन तासांच्या आत, अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात, धाप लागते. अगदी थोड्या अंशानेही हे घडू शकते, आणि क्वचित प्राणावरही बेतते. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 साली योजला. रक्ताच्या ज्या तपासणीविषयी आम्ही लिहीत आहोत, ती या चौथ्या दुखण्यासाठीच आहे. पहिल्या तिहींबाबत ती मौन पाळते.

रक्तातील वस्तूचा शोध

ॲलर्जीचे कारण रक्तात असते, हे कळले कसे, ही हकीकत मोठी मनोरंजक आहे. जर्मनीतील ब्रेस्लाऊ शहरात (हे शहर आज पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्सवाफ असे आहे) कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर हे दोन डॉक्टर काम करीत. क्युस्टनर यांना शिजवलेली मासळी मुळीच सोसत नसे. प्राउस्निट्झ यांना मासळीने काहीही होत नसे. त्यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातील पाण्यासारखा अंश, म्हणजे रक्तद्रव, घेऊन स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला. थोड्याच वेळात तेथे लाल, खाजरी गांध उठली. मित्राचे वावडे रक्तावाटे आपल्या कातडीत उतरले होते! 1921 साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. दुसऱ्याचे रक्तद्रव असे टोचून घेणे धोक्याचे असल्यामुळे ही रीत पुढे बंद झाली. परंतु रक्तात काहीतरी आहे, हे तिने पक्के केले.

ते ‘काहीतरी’ हाती लागण्यास आणखी पंचेचाळीस वर्षे लागली, कारण रक्तातील इतर प्रतिपिंडांच्या मानाने ते हजारो पटींनी कमी असते. अमेरिकेत डेन्व्हर येथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी पतिपत्नींनी 1966 च्या सुमारास ते वेगळे ओळखले. त्याच सुमारास स्वीडनमधील उप्साला येथे योहान्सन आणि बेनिक यांना एका कर्करोगी रुग्णाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन विपुल आढळले. दोन्ही वस्तू एकच ठरल्या. 1968 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या विद्यमाने तिचे नाव ‘इम्युनोग्लोब्युलिन ई’, थोडक्यात आयजीई, असे ठरले. या नावातील शेवटचे अक्षर वाचकांनी नीट लक्षात ठेवावे. पुढे सारा घोटाळा एका अक्षराचाच आहे.

तपासणी होते कशी?

शिरेतून थोडे रक्त घेतात. त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. प्रयोगशाळेत एका सच्छिद्र पदार्थावर कोळंबीचे, दुधाचे किंवा शेंगदाण्याचे प्रथिन आधीच चिकटवलेले असते. त्यावर रुग्णाचे रक्तद्रव ओततात. त्या अन्नाविरुद्धचे आयजीई त्यात असेल तर ते प्रथिनाला जाऊन चिकटते. बाकीचे धुऊन टाकतात. मग चिकटलेल्या आयजीईला धरणारा दुसरा पदार्थ सोडतात. त्याला खूण बांधलेली असते. पूर्वी ती किरणोत्सर्गी असे, आता प्रकाश देणारी असते. जितकी खूण, तितके आयजीई. ही युक्ती उप्सालाच्या संशोधकांनी 1967 साली प्रथम मांडली. उत्तर किलोयुनिट प्रति लिटर या मापात येते. पुष्कळ काळ 0.35 ही सीमारेषा मानली गेली. आजची यंत्रे 0.1 पर्यंतही मोजतात.

याच कामासाठी त्वचेवर अर्काचा थेंब ठेवून बारीक टोचण्याचीही एक परीक्षा आहे. ती स्वस्त असून पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देते. मात्र खाजेवरच्या नेहमीच्या गोळ्या घेतल्या असतील तर ती फसते, म्हणून डॉक्टर त्या काही दिवस आधी थांबवावयास सांगतात. रक्ताच्या तपासणीस ती अडचण नाही. सर्व अंगावर इसब असलेल्या मुलालाही रक्ताचीच तपासणी सोयीची पडते.

कागद एक सांगतो, ताट दुसरे

येथवर सारे सरळ आहे. अडचण पुढे आहे. रक्तात आयजीई सापडणे आणि ते अन्न खाऊन माणूस आजारी पडणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. खरी कामगिरी त्वचेत आणि आतड्यात असलेल्या मास्ट पेशींच्या अंगावर बसलेले आयजीई बजावते. कागदावर येते ते रक्तात मोकळे फिरणारे. पुष्कळ माणसांच्या रक्तात ते असते, आणि ती माणसे तेच अन्न रोज आनंदाने खातात.

याचा पुरावा आपल्या शेजारचाच आहे. कर्नाटकातील 20 ते 54 वर्षे वयाच्या 11,791 प्रौढांना प्रश्न विचारून एक पाहणी झाली आणि त्यांतील निवडक लोकांचे रक्त 24 अन्नपदार्थांसाठी तपासण्यात आले. तिचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले. सर्वसाधारण लोकांत 26.5 टक्के जणांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्धचे आयजीई आढळले. पण ते अन्न खाल्ल्यावर त्रासही होतो आणि रक्तही तेच सांगते, असे लोक होते अवघे 1.2 टक्के. शाळेच्या हिशेबाने मांडावयाचे तर शंभर माणसांत सव्वीसांच्या कागदावर खूण उमटेल, आणि खरा दुखणाईत बहुधा एकच निघेल. उरलेल्या पंचवीसांना पथ्य घालणे म्हणजे पंचवीस निरपराध्यांना शिक्षा ठोठावण्यासारखेच नव्हे काय?

असे का होते, याचेही एक उत्तर आहे. निसर्गात प्रथिनांचे आकार पुष्कळदा मिळतेजुळते असतात. कोळंबीच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन असते. त्याचीच भावंडे घरातील धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांत आणि झुरळांतही असतात. ज्याला गादीच्या धुळीने शिंका येतात, त्याच्या रक्तातील आयजीई तपासणीत कोळंबीलाही चिकटू शकते, मग त्याने जन्मात कोळंबी चाखलेली नसली तरी! तसेच पोटातील जंतांमुळे शरीरातील एकूण आयजीई वाढते. उलटपक्षी काजूची ॲलर्जी असलेल्याला पिस्ताही बहुधा सोसत नाही, कारण ही दोन्ही झाडे एकाच कुळातील आहेत. तेव्हा कोणते साम्य नुसते कागदावरचे आणि कोणते ताटातले, हे जाणकार डॉक्टरच सांगू शकतो.

मग आकड्याला अर्थच नाही काय? आहे. आकडा जितका मोठा, तितकी त्रास होण्याची शक्यता अधिक. न्यूयॉर्कचे डॉक्टर ह्यू सॅम्पसन यांनी 2001 साली दाखविले की, त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांत अंड्यासाठी 7, शेंगदाण्यासाठी 14 आणि दुधासाठी 15 च्या वर आकडा गेला, तर शंभरांपैकी सुमारे पंच्याण्णव मुलांना तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होई. अर्थात हे आकडे तेथील रुग्णांचे. ते जसेच्या तसे आपल्याकडे लावता येत नाहीत. शिवाय आकडा शक्यता सांगतो, तीव्रता नव्हे. लहान आकड्याच्या माणसालाही भयंकर त्रास होऊ शकतो, आणि मोठ्या आकड्याच्या माणसाला नुसती तोंडाला खाज सुटू शकते.

शंका उरली तर शेवटचा निवाडा प्रत्यक्ष खाऊनच होतो. रुग्णालयात, औषधांची तयारी ठेवून, संशयित पदार्थ कणाकणाने वाढवीत देतात. काही वेळा तो दुसऱ्या अन्नात असा दडवतात की, कोणत्या दिवशी तो दिला हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि देणाऱ्यालाही नसते. आपल्याकडे हरभऱ्याच्या ॲलर्जीचा अभ्यास मुंबईचे संशोधक पाटील, निफाडकर आणि बापट यांनी केला, तो 2001 साली प्रसिद्ध झाला. त्यांनीही चाचणीवर न थांबता असा खाण्याचा पडताळा घेतला होता. हा प्रयोग घरी मात्र कदापि करू नये.

एका अक्षराचा घोटाळा

जाहिरातींतील शंभर-दोनशे पदार्थांच्या पुष्कळशा तपासण्या आयजीईच्या नसतातच. त्या आयजीजी या दुसऱ्याच प्रतिपिंडाच्या असतात. कागदावर लाल, पिवळे, हिरवे असे रकाने असतात आणि लाल रकान्यातील पदार्थ सोडा असा सल्ला असतो. वस्तुतः अन्नाविरुद्ध आयजीजी तयार होणे, ही ते अन्न आपण नेहमी खात असल्याची खूण आहे. त्यातील चौथा उपप्रकार तर ते अन्न शरीराने पत्करल्याची खूण मानतात. म्हणूनच जो रोज दूध, गहू आणि तूरडाळ खातो, त्याच्या लाल रकान्यात दूध, गहू आणि डाळच यावी, यात नवल नाही. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने 2008 साली, अमेरिकेतील संस्थेने 2010 साली आणि कॅनडातील संस्थेने 2012 साली ही तपासणी अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानासाठी वापरू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. केस पाठवून ॲलर्जी ओळखण्याच्या जाहिरातीही निघतात. त्यांना शास्त्राचा काही आधार नाही.

नाहक पथ्याचे मोल

कोणी म्हणेल, चार पदार्थ सोडले तर बिघडले कुठे? आम्ही वर्गात मुलांचे डबे रोज पाहतो, म्हणून या प्रश्नाचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. चौथीतील एका मुलाच्या डब्यात कित्येक महिने नुसता भात आणि मुगाचे वरण येत असे. अधूनमधून पोट दुखते एवढ्या तक्रारीवरून एका प्रयोगशाळेचा असा लांबलचक कागद आणला गेला होता, आणि त्यावरून दूध, अंडी, गहू, शेंगदाणे असे सारे बंद झाले होते. मूल वाळले, खेळाच्या तासाला बसून राहू लागले, आणि सहलीला इतरांबरोबर जेवण्यास लाजू लागले. पुढे बालरोगतज्ज्ञांनी आईबापांना तासभर खोदून खोदून विचारले, आणि यांतील कोणताही पदार्थ खाऊन मुलाला कधी काही झाले नव्हते असे आढळल्यावर एकेक पदार्थ परत सुरू केला. मुलाच्या अंगी पुन्हा मांस चढले. वाढत्या वयात दूध-अंडे आणि डाळ-दाणे तोडणे म्हणजे घराच्या पायातील दगड काढणे होय.

नाहक पथ्याने आणखीही एक अपाय संभवतो. लंडन येथे गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांनी 4 ते 11 महिन्यांच्या 640 बाळांवर एक मोठा प्रयोग केला. तो 2015 साली प्रसिद्ध झाला. या बाळांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी होती. निम्म्यांना शेंगदाण्याचा पदार्थ नियमित चारला, निम्म्यांना तो कटाक्षाने टाळावयास सांगितले. पाचव्या वर्षी टाळणाऱ्यांत सुमारे 17 टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी होती, खाणाऱ्यांत सुमारे 3 टक्क्यांना. म्हणजे टाळण्याने रक्षण होते ही समजूत उलटीच ठरली. इसब असलेल्या बाळाला काय आणि कधी चारावे हे डॉक्टरांनाच विचारावे. परंतु जे अन्न मूल सुखाने खात आहे, ते निव्वळ कागदाच्या सांगण्यावरून कोणीही बंद करू नये.

खऱ्या दुखण्याची हयगय नको

याचा अर्थ ॲलर्जी हे थोतांड आहे, असा मात्र कोणी घेऊ नये. ज्याला ती खरोखर आहे, त्याला ‘एक घास खा, काही होत नाही’ असा आग्रह करणे हा प्राणाशी खेळ आहे. आपल्या पंगतीत आग्रहाची चाल फार. लग्नाच्या जेवणात काजूची ग्रेव्ही असते, ईदच्या शिरखुर्म्यात काजू, पिस्ते, बदाम असतात, दिवाळीच्या फराळात आणि उपवासाच्या पदार्थांत दाणे असतात. कोशिंबिरीतील दाण्याचे कूट तर दिसतही नाही. पाहुण्याने नको म्हटले तर यजमानाने मानावे, आणि पदार्थात काय घातले हे खरे सांगावे. बांधून मिळणाऱ्या खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जीव, शेंगदाणे, काजू-बदामासारखी कवचफळे आणि सोयाबीन असल्यास तसे लिहिणे भारत सरकारच्या 2020 च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. ते वाचण्याची सवय लावून घ्यावी.

अंगावर पित्त उठले की आपल्याकडे आमसुलाचे पाणी लावतात. नुसत्या खाजेपुरते ते ठीक. परंतु आवाज घोगरा होणे, जीभ किंवा घसा सुजणे, धाप लागणे, चक्कर येणे, मूल एकाएकी मलूल पडणे, यांतील एकही चिन्ह दिसले तर आमसूल शोधत बसू नये आणि खाजेच्या गोळीचीही वाट पाहू नये. रुग्णाला आडवे निजवून (धाप असल्यास बसते ठेवून) ताबडतोब रुग्णालयात न्यावे. तेथे मांडीच्या बाहेरच्या स्नायूत दिले जाणारे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच यावरचा पहिला उपाय आहे.

तपासणीपूर्वी

रक्त देण्यापूर्वी एका वहीत पुढील गोष्टी लिहाव्या : काय खाल्ले, किती खाल्ले, किती वेळाने त्रास सुरू झाला, नेमके काय झाले, किती वेळ टिकले, तेच अन्न पूर्वी आणि नंतर खाल्ले तेव्हा काय झाले, आणि बरोबर जेवणाऱ्यांपैकी आणखी कुणाला त्रास झाला काय. ही वही डॉक्टरांना दाखवावी. त्यांनी नाव घेतलेल्या दोन-चार पदार्थांचीच आयजीई तपासणी करावी. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर रक्त बऱ्यापैकी देते. न विचारलेल्या दोनशे प्रश्नांची उत्तरे मागितली की ते भलतीच नावे घेऊ लागते. दूध-अंड्याची ॲलर्जी पुष्कळ मुलांत वयाबरोबर सुटते, म्हणून ठरलेल्या मुदतीने फेरतपासणी करून घ्यावी. जन्मभराची शिक्षा समजू नये.

शेवटी पालकांस शिक्षक म्हणून एक विनंती. ज्या मुलाची ॲलर्जी डॉक्टरांनी ठरविली आहे, त्याच्या आईवडिलांनी शाळेला ती लेखी कळवावी : कोणता पदार्थ, काय चिन्हे, कोणते औषध आणि कुणाला फोन करावयाचा. मुले डबा वाटून खातात, आणि खावाही. परंतु कुणाच्या डब्यातले कुणाला द्यावयाचे नाही, हे वर्गशिक्षकाला ठाऊक असले पाहिजे.